श्रेष्ठत्वाची बेरीज : फिगर स्केटिंगमधील गुणांकनपद्धतींचा विचार

धावण्याच्या शर्यतीत पहिला कोण, हे घड्याळ सांगते. भालाफेकीत ते काम मोजपट्टी करते. फिगर स्केटिंगमध्ये असे कोणतेही उपकरण उपलब्ध नाही. बर्फाच्या पटावर चार मिनिटांत जे घडते त्यात शरीराचे बळ असते, पात्याच्या कडेवरील ताबा असतो, संगीताशी जुळलेले अथवा न जुळलेले नाते असते, आणि या साऱ्यांना व्यापून उरणारे असे काहीतरी असते, की ज्याला आपण सोयीसाठी सौंदर्य म्हणतो. या सर्वांचा निवाडा माणसे करतात, आणि तो आकड्यांत करतात. हे आकडे खरोखरच सर्वोत्कृष्ट स्केटर न्याय्य रीतीने निवडतात काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखात तपासावयाचा आहे. विषय क्रीडेचा असला तरी प्रश्न समीक्षेचा आहे. कलाकृतींची परस्परांशी तुलना करून त्यांचे मूल्य ठरवावे, की आधी निकष निश्चित करून प्रत्येक कृती त्यांवर स्वतंत्रपणे घासून पाहावी, हा वाद साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. स्केटिंगच्या इतिहासात हे दोन्ही पक्ष क्रमाक्रमाने प्रत्यक्ष व्यवहारात आणून पाहिले गेले आणि त्यांचे परिणाम शतांश गुणापर्यंत नोंदले गेले. साहित्यसमीक्षेला असा प्रयोग करून पाहण्याची संधी कधीच मिळत नाही.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पद्धत न्याय्य असणे आणि पद्धतीने सर्वोत्कृष्टाची निवड करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत सर्वांना एकच नियम लागू करणे आणि परीक्षकाच्या देशाभिमानाला वाव न देणे एवढेच अभिप्रेत आहे. दुसरीत मात्र गुणांकनाच्या बाहेर, त्याच्याआधी, एक श्रेष्ठत्व अस्तित्वात आहे आणि पद्धतीने ते केवळ शोधून काढावयाचे आहे, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत टिकते, हे पाहण्यासाठी जुन्या काळापासूनच आरंभ करणे इष्ट होईल.

या क्रीडाप्रकाराच्या नावातील 'फिगर' हा शब्द मूळचा बर्फावर पात्याने कोरावयाच्या आकृतींचा वाचक आहे. या अनिवार्य आकृतींना एके काळी एकूण गुणांत निम्म्याहून अधिक वाटा होता, आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने कमी होत गेला. 1972 च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाच्या बिआट्रिक्स शूबा हिने आकृतींत एवढी मोठी आघाडी घेतली, की मुक्त स्केटिंगमध्ये ती सातवी येऊनही सुवर्णपदक तिलाच मिळाले. मुक्त स्केटिंगमध्ये पहिली आलेली अमेरिकेची जॅनेट लिन हिला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. दूरचित्रवाणीवर लोकांनी पाहिले ते मुक्त स्केटिंग. आकृती कोणी पाहिल्या नव्हत्या. त्यामुळे निकाल अन्यायाचा वाटला. परंतु शूबा ही आकृतींत निःसंशय श्रेष्ठ होती, आणि नियम आकृतींना महत्त्व देत होते. अन्याय कोणावर झाला असेल तर तो प्रेक्षकांच्या अपेक्षेवर. पुढच्याच हंगामात लघु कार्यक्रमाची भर पडली, आकृतींचे वजन घटविण्यात आले, आणि 1990 नंतर त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून पूर्णपणे नाहीशा झाल्या. म्हणजे 'सर्वोत्कृष्ट स्केटर' या शब्दांचा अर्थच या काळात बदलला. 1972 ची शूबा 1992 मध्ये अवतरली असती तर तिला पदकाची आशा धरता आली नसती, आणि तरीही तिचे कौशल्य तसूभरही कमी झालेले नसते.

आता सहा गुणांच्या प्रसिद्ध पद्धतीकडे वळू. या पद्धतीत प्रत्येक परीक्षक सहापैकी दोन गुण देई. एक तांत्रिक गुणवत्तेचा, दुसरा सादरीकरणाचा. हे गुण पाहून सामान्य प्रेक्षकाची अशी समजूत होई, की त्यांची बेरीज वा सरासरी करून विजेता ठरत असावा. वस्तुतः तसे नव्हते. गुणांचे कार्य एवढेच, की त्यांवरून त्या परीक्षकाच्या मते स्पर्धकांचा क्रम कोणता, हे कळावे. गुण बाजूला पडत आणि क्रमांक उरत. मग बहुसंख्य परीक्षकांनी कोणाला कोणत्या क्रमांकावर ठेवले, यावरून निकाल लागे. 5.8 आणि 5.9 यांतील अंतर किती, हा प्रश्नच तेथे गैरलागू होता. परीक्षकाने तुलना करावी आणि तीच सांगावी, असा या पद्धतीचा गाभा होता.

या पद्धतीवर गणिती दृष्टीने घेण्यात येणारा मुख्य आक्षेप 2002 च्या सॉल्ट लेक सिटी येथील महिलांच्या स्पर्धेवरून उत्तम रीतीने समजतो. लघु कार्यक्रमातील क्रमांकाला अर्ध्याने आणि मुक्त कार्यक्रमातील क्रमांकाला एकाने गुणून बेरीज करावयाची, आणि जिची बेरीज सर्वांत कमी ती विजयी, असा नियम होता. लघु कार्यक्रमात मिशेल क्वान पहिली, इरिना स्लुत्स्काया दुसरी, साशा कोहेन तिसरी आणि सारा ह्यूज चौथी होती. मुक्त कार्यक्रमात स्लुत्स्काया सर्वांत शेवटी बर्फावर उतरली. ती उतरण्यापूर्वी मुक्त कार्यक्रमात ह्यूज पहिली आणि क्वान दुसरी होती. त्या क्षणी क्वानची बेरीज 0.5 अधिक 2, म्हणजे 2.5, आणि ह्यूजची 2 अधिक 1, म्हणजे 3. क्वान ह्यूजच्या पुढे होती. नंतर स्लुत्स्कायाने मुक्त कार्यक्रमात दुसरा क्रमांक मिळविला आणि क्वान तिसरी झाली. तिची बेरीज 3.5 वर गेली. ह्यूज 3 वरच राहिली, स्लुत्स्कायाही 3 वर आली, आणि मुक्त कार्यक्रमातील सरशीमुळे सुवर्णपदक ह्यूजला मिळाले. क्वान आणि ह्यूज या दोघींचे स्केटिंग तर संपून गेले होते; त्यांच्यापैकी कोणी एक पाऊलही अधिक टाकले नव्हते. तरीही तिसऱ्याच व्यक्तीच्या कामगिरीने त्या दोघींमधील उच्चनीचता उलटी झाली. 1995 मध्ये बर्मिंगहॅमच्या जागतिक स्पर्धेतही असेच घडले होते. त्या वेळी चौथ्या आलेल्या क्वानच्या कार्यक्रमानंतर निकोल बोबेक आणि सूर्या बोनाली यांच्या दुसऱ्या व तिसऱ्या स्थानांची अदलाबदल झाली होती. 1998 मध्ये क्रमांक काढण्याची रीत बदलण्यात आली, परंतु 2002 चे उदाहरण त्यानंतरचे आहे, हे ध्यानात घ्यावे.

केनेथ ॲरो यांनी 1951 मध्ये दाखवून दिले, की तीन वा अधिक पर्यायांमध्ये अनेक व्यक्तींच्या क्रमवारींतून एक सामूहिक क्रमवारी बनविताना काही अगदी साध्या वाटणाऱ्या अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत. त्यांतील एक अट अशी, की दोघांतील क्रम तिसऱ्यावर अवलंबून नसावा. तेव्हा क्रमांकांवर उभारलेल्या कोणत्याही पद्धतीत हा दोष कोठे ना कोठे डोके वर काढणारच. तथापि या दोषाचा जेवढा गवगवा झाला तेवढा तो मोठा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. तुलनात्मक निर्णय हा सर्व स्पर्धक पाहून झाल्यावरच पुरा होतो. मधल्या क्षणी फलकावर जे दिसते ते अपुरे वाक्य असते. प्रेक्षकाला ते वाक्य अर्ध्यावरच वाचून दाखविले जाई, हा दूरचित्रवाणीचा दोष होता. पद्धतीचा म्हणता येईल तो थोडाच. उलट या पद्धतीच्या एका गुणाकडे दुर्लक्ष झाले. बॅसेट आणि पर्स्की या दोन अभ्यासकांनी 1994 मध्ये असे प्रतिपादन केले, की 1998 पूर्वीची रीत तत्त्वतः क्रमांकांच्या मध्यकावर आधारलेली आहे, आणि मध्यक हा अल्पसंख्य परीक्षकांच्या लबाडीला सहजासहजी वश होत नाही. नऊंपैकी एखाद्याने आपल्या नावडत्या स्पर्धकाला दुसऱ्याऐवजी दहाव्या स्थानी ढकलले, तरी मधला क्रमांक फार हलत नाही. अतिशयोक्ती करून काही पदरात पडत नाही, हे त्या रीतीचे बळ होते.

मग ती गेली कशामुळे? त्याच 2002 च्या ऑलिंपिकमध्ये युगुलांच्या स्पर्धेत रशियाच्या बेरेझ्नाया व सिखारुलिद्झे यांना कॅनडाच्या साले व पेल्टिये यांच्यावर पाच विरुद्ध चार अशा मतांनी विजय मिळाला, आणि लगोलग फ्रेंच परीक्षिकेवर दडपण आणले गेल्याचे उघडकीस आले. अखेर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक देण्यात आले. पाच विरुद्ध चार अशी फूट असताना एक मत विकले गेले तर मध्यकही निरुपाय असतो. कोणतीही पद्धत तेथे निरुपाय असते. रोग परीक्षकांच्या नेमणुकीत होता. राष्ट्रीय संघटना परीक्षक पाठविते, आणि त्या परीक्षकाचे पुढील भवितव्य त्याच संघटनेच्या हाती असते. परंतु उपाय योजला गेला तो अंकगणितावर. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने जुनी पद्धत मोडीत काढून नवी स्वीकारली, आणि 2006 च्या तुरीन ऑलिंपिकपासून ती ऑलिंपिकमध्येही लागू झाली.

नव्या पद्धतीत तुलनेला स्थान नाही. प्रत्येक उडी, गिरकी आणि पदन्यासक्रम यांना छापील कोष्टकात एक आधारमूल्य नेमून दिलेले असते. स्केटरने नेमके काय केले, उडीत हवेतील फेरे पुरे झाले की अपुरे राहिले, लुट्झ उडी योग्य कडेवरून घेतली की नाही, हे एक तांत्रिक मंडळ मंदगती चित्रण पाहून ठरविते. परीक्षक त्या त्या कृतीच्या सफाईबद्दल अधिक वा उणे गुण देतात. प्रथम त्यांची मर्यादा तीनपर्यंत होती, 2018 पासून ती पाचपर्यंत वाढविण्यात आली. याशिवाय कार्यक्रमाच्या एकंदर कलात्मक अंगांना दहापैकी घटकगुण दिले जातात. हे घटक पूर्वी पाच होते. 2022 पासून रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचे कौशल्य असे तीनच उरले आहेत. प्रत्येक बाबीत सर्वांत मोठा व सर्वांत लहान गुण वगळून उरलेल्यांची सरासरी काढतात, आणि शेवटी सर्वांची बेरीज होते.

या पद्धतीने एक मोठे काम केले, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. निकालामागचे कारण आता वाचता येते. पूर्वी 5.7 का, याचे उत्तर परीक्षकाच्या मनातच राही. आज ज्याला पाहिजे त्याने गुणपत्रक उघडून कोणत्या उडीत किती गेले हे पाहावे. प्रशिक्षकाला याचा केवढा उपयोग होतो, हे सांगावयास नको. परंतु वाचता येणारे कारण हेच खरे कारण असते, असे मात्र नाही.

कोष्टकाचाच विचार करा. 2010 च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या इव्हान लायसाचेकने 257.67 गुण मिळवून रशियाच्या येवगेनी प्लुशेन्कोचा 1.31 गुणांनी पराभव केला. प्लुशेन्कोने चार फेऱ्यांची उडी घेतली होती. लायसाचेकने एकही घेतली नव्हती. त्यावर मोठा वाद माजला. मुक्त कार्यक्रमात दोघांचे घटकगुण अगदी समान, प्रत्येकी 82.80 होते; तांत्रिक गुण मात्र 84.57 आणि 82.71. म्हणजे ज्याच्याकडे चार फेऱ्यांची उडी नव्हती तोच तांत्रिक बाजूने पुढे राहिला. यात विसंगती नाही. त्या वेळच्या कोष्टकात चार फेऱ्यांच्या टो लूपला 9.8 आणि साडेतीन फेऱ्यांच्या ॲक्सलला 8.2 एवढी किंमत होती, आणि कार्यक्रमाच्या उत्तरार्धातील उड्यांना दहा टक्के अधिक मिळत. लायसाचेकने या बाजारभावात शहाणपणाने खरेदी केली, एवढेच. त्यानंतर टो लूपची किंमत 10.3 झाली, आणि 2018 मध्ये ती 9.5 वर आली. उडी तीच, बर्फ तोच, गुरुत्वाकर्षण तेच. बदलला तो समितीचा भाव. अशा वेळी 'नव्या पद्धतीने वस्तुनिष्ठता आणली' या विधानाचा अर्थ काय घ्यावा? मोजणी वस्तुनिष्ठ झाली आहे, हे खरे. परंतु एका कठीण उडीची एका सुंदर पदन्यासाशी तुलना कशी करावी, हा मूळचा आत्मनिष्ठ निर्णय कोठेही गेलेला नाही. तो परीक्षकाच्या आसनावरून उठून समितीच्या टेबलाशी जाऊन बसला आहे.

2018 च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये हीच गोष्ट अधिक ठसठशीतपणे दिसली. अलिना झागितोवाने मुक्त कार्यक्रमातील सातही उडीसंच उत्तरार्धात ठेवले, कारण नियम त्याचे बक्षीस देत होता. मुक्त कार्यक्रमात तिला आणि येवगेनिया मेदवेदेवाला अगदी सारखे, 156.65 गुण पडले. मेदवेदेवा घटकगुणांत 2.44 ने पुढे होती. झागितोवा तांत्रिक गुणांत नेमकी तेवढ्यानेच पुढे. सुवर्णपदक लघु कार्यक्रमातील आघाडीवर गेले, आणि ती आघाडीही, योगायोग असा, 1.31 गुणांचीच होती. त्याच वर्षी नियम बदलला. वाढीव मूल्य लघु कार्यक्रमात शेवटच्या एका आणि मुक्त कार्यक्रमात शेवटच्या तीनच उडीसंचांपुरते उरले. कार्यक्रमाचा अर्धा भाग उड्यांविना आणि अर्धा उड्यांनी खच्चून भरलेला, ही रचना डौलदार नाही, असे समितीलाही वाटले असावे. परंतु रचनेचा डौल पाहण्यासाठीच तर घटकगुण होते. त्यांनी आपले काम केले असते तर नियम बदलण्याची वेळ का यावी?

घटकगुण हेच या पद्धतीचे मर्मस्थान आहे, आणि सोची येथील 2014 ची महिलांची स्पर्धा त्याची साक्ष देते. रशियाच्या आदेलिना सोत्निकोवाने 224.59 गुण मिळवून दक्षिण कोरियाच्या युना किमला 219.11 वर मागे टाकले, आणि आजतागायत या निकालावरील वाद शमलेला नाही. मुक्त कार्यक्रमातील तांत्रिक गुणांत दोघींमध्ये 5.85 चे अंतर होते. त्यांपैकी 3.94 हे केवळ आधारमूल्यांतून आलेले, कारण सोत्निकोवाच्या कार्यक्रमात तीन फेऱ्यांच्या उड्या अधिक होत्या, उरलेले 1.91 सफाईच्या गुणांतून आले. वादक बहुधा या सफाईच्या गुणांवर बोट ठेवतात. प्रस्तुत लेखकाच्या मते वादाचे खरे स्थान अन्यत्र आहे. मुक्त कार्यक्रमातील घटकगुण होते किमला 74.50 आणि सोत्निकोवाला 74.41, अंतर 0.09. ज्यांना किम श्रेष्ठ वाटते ते तिच्या उड्या मोजून तसे म्हणत नाहीत. तिच्या स्केटिंगमधील अखंड प्रवाह आणि संगीताशी असलेली एकरूपता त्यांच्या मनात असते. ही बाब खरी असेल तर ती घटकगुणांतच दिसावयास हवी होती, आणि तेथेच परीक्षकांनी दोघींना जवळजवळ समान लेखले. व्हँकूव्हरमध्येही घटकगुण समान होते. दोन्ही वादग्रस्त प्रसंगी कलेच्या रकान्याने मौन धरले आणि निकाल कोष्टकाने दिला. परीक्षकांची वृत्ती अशी दिसते, की बड्या स्पर्धकांना घटकगुण एका ठराविक उंचीवर देऊन टाकावेत आणि मग उड्यांनी काय ते ठरवावे. पाच वेगवेगळ्या नावांनी दिलेले गुण बहुधा एकमेकांना चिकटूनच चढत वा उतरत असत. 2022 मध्ये ते पाचांचे तीन झाले, यात नवल नाही.

या संदर्भात भरताच्या नाट्यशास्त्रातील सिद्धीच्या अध्यायाची आठवण येते. तेथे नाट्यप्रयोगाच्या प्राश्निकांची यादी दिली आहे. यज्ञवेत्ता, नर्तक, छंदोविद, शब्दविद, राजा, धनुर्धर, चित्रकार, वेश्या, गायक आणि राजसेवक असे ते दहा होत, आणि प्रत्येकाने आपापल्या अधिकारातील विषय पाहावयाचा आहे. सिद्धी आणि घात मोजण्याची कल्पना तेथेही आहेच. परंतु छंदोविदाने चित्रकाराचे काम करावे, अशी अपेक्षा तेथे नाही. स्केटिंगच्या परीक्षकाला मात्र चार मिनिटांत डझनभर कृतींची सफाई पाहावयाची, आणि त्याच वेळी संपूर्ण रचनेचा आस्वादही घ्यावयाचा. यांपैकी दुसरे काम मागे पडले तर दोष परीक्षकाला द्यावा काय? उड्यांची सफाई आणि कार्यक्रमाची कला यांसाठी दोन स्वतंत्र मंडळे नेमावीत, ही सूचना या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

पक्षपाताचा प्रश्न राहिला. टोकाचे गुण कापल्याने लबाडी निष्प्रभ होते, असा समज आहे. हिशेब करून पाहू. घटक पाच, पुरुषांच्या मुक्त कार्यक्रमात त्यांचा गुणक 2, आणि सरासरीत सात परीक्षक, असे धरा. एखाद्या परीक्षकाने आपल्या देशबांधवाला प्रत्येक घटकात केवळ अर्धा गुण अधिक दिला आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याला अर्धा उणा दिला, आणि हे गुण टोकाचे ठरून कापले गेले नाहीत, तर दोघांतील अंतर सुमारे 1.43 गुणांनी हलते. व्हँकूव्हर आणि प्याँगचांग येथील पदके 1.31 गुणांवर ठरली. अतिशयोक्तीला येथे शिक्षा आहे, पण माफक आणि सातत्यपूर्ण पक्षपाताला मोकळे रान आहे.

आरंभीची बारा वर्षे तर परीक्षकांची नावे गुणांपासून तोडून ठेवण्यात आली होती. संघटनेचे दडपण त्यामुळे टळेल, असे समर्थन केले जाई. काही काळ बारा परीक्षकांपैकी चिठ्ठ्यांनी निवडलेल्या नऊंचेच गुण धरीत. अशा निवडी 220 प्रकारे होऊ शकतात, आणि चुरशीच्या स्पर्धेत कोणती चिठ्ठी निघाली यावर क्रम ठरावा, ही सोडत झाली, परीक्षण नव्हे. अर्थशास्त्रज्ञ एरिक झिट्झेविट्झ यांनी जुन्या व नव्या काळातील गुणांचा तौलनिक अभ्यास केला. त्यांना असे आढळले, की अनामिकतेनंतर स्वदेशी परीक्षकाचा लाभ कमी झाला नाही. तो किंचित वाढलाच. 2016 मध्ये ही अनामिकता रद्द करण्यात आली. याखेरीज ख्यातनाम स्केटरला अधिक गुण मिळणे, मागाहून उतरणाऱ्याला अधिक गुण मिळणे, हे प्रामाणिक परीक्षकांच्याही हातून घडते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. त्यावर कोणत्याही बेरजेचा इलाज चालत नाही.

तर मग सर्वोत्कृष्टाची निवड होते की नाही? पहिला आणि दहावा यांत दोन्ही पद्धती क्वचितच गल्लत करतात. जेथे अंतर मोठे आहे तेथे कोणतीही समंजस रीत पुरेशी आहे. प्रश्न उरतो तो शिखरावरील दोघातिघांचा. तेथे जुनी पद्धत 'आमच्यापैकी पाचांना ही अधिक आवडली आणि चारांना ती' असे सांगे. या विधानात मतभेद उघड होता, आणि वाचणाऱ्याला निकालाचा ठिसूळपणाही कळत होता. नवी पद्धत 'हिला 224.59 आणि तिला 219.11' असे सांगते. शतांशापर्यंतचा हा आकडा परीक्षकांमधील मतभेद आपल्या पोटात दडवितो. एकाच कार्यक्रमाच्या घटकगुणांत दोन परीक्षकांमध्ये एका पूर्ण गुणाचा फरक पडत असता, अंतिम बेरजेतील 1.31 हे अंतर श्रेष्ठत्वाचे द्योतक मानणे शास्त्रीय दृष्टीने धाडसाचे आहे. प्रयोगशाळेतील कोणताही विद्यार्थी आपल्या मोजमापाबरोबर त्यातील संभाव्य त्रुटीही लिहितो. स्केटिंगच्या फलकावरही प्रत्येक बेरजेशेजारी परीक्षकांच्या गुणांतील विस्तार लिहिण्यास अडचण कोणती? आणि जेथे दोघांतील अंतर त्या विस्ताराच्या आत पडेल, तेथे दोघांना समान ठरविण्यासही हरकत नसावी. सॉल्ट लेक सिटी येथे दोन सुवर्णपदके दिली गेली ती लाजेखातर, लबाडी झाकण्यासाठी. तीच गोष्ट नियम म्हणून, दोन्ही बाजूंची कामगिरी खरोखर तुल्यबळ असताना, एकदाही करून पाहिलेली नाही.